अतिश्रमाची कल्पना आणि घरचा व्यायाम : चेतास्नायुविकारांच्या इतिहासातील एक प्रकरण

चेता आणि स्नायू ह्यांच्या जीर्ण विकारांत रोग्याने घरी करावयाच्या व्यायामाचा इतिहास हा वरवर पाहता वैद्यकाच्या एका लहानशा दालनाचा इतिहास वाटतो. परंतु सव्वाशे वर्षांच्या ह्या इतिहासात एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे : दुबळ्या झालेल्या स्नायूस काम किती द्यावे? ह्या प्रश्नाचे बरेचसे समाधानकारक उत्तर एकदा हाती आले आणि विस्मृतीत गेले. पुन्हा हाती आले तेव्हा ते वाजवीपेक्षा अधिक पसरले. असे का झाले ह्याचे कारण काही अंशी शारीरविज्ञानात सापडते. परंतु काही अंशी ते शब्दांत शोधावे लागते. ज्या अवस्थेस नाव नव्हते ती चिकित्सकांच्या दृष्टीआड झाली, आणि नाव मिळाल्यावर त्या नावाचाच धाक इतका बसला की हजारो रोग्यांनी, हालचालीने ज्यांचे हित झाले असते अशांनीही, विश्रांती पत्करली.

ह्या विषयातील शब्द मुळातच निसरडे आहेत. मराठीत 'स्नायू' म्हणजे ज्याच्या आकुंचनाने हालचाल होते तो मांसल अवयव. हिंदीत तोच शब्द चेतातंतूंस लावला जातो, आणि संस्कृत वैद्यकात त्याचा अर्थ सांधे बांधून ठेवणारा दोरीसारखा बंध असा आहे. ग्रीक 'न्यूरॉन' ह्या शब्दाचीही हीच वाट. त्याचा जुना अर्थ कंडरा किंवा धनुष्याची दोरी. पुढे तो चेतेस लागू झाला. आज्ञा देणारा तंतू कोणता आणि ती पाळणारा कोणता हा भेद प्राचीनांस उघड्या डोळ्यांनी दिसत नव्हता. म्हणून शब्द एकावरून दुसऱ्यावर घसरत गेला. येथे ज्या रोगांचा विचार करावयाचा आहे ते नेमके ह्याच जोडावर उद्भवतात. पोलिओत मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशी मरतात आणि स्नायू निराधार होतो. स्नायुक्षयाच्या आनुवंशिक रोगांत चेता शाबूत असून स्नायूच झिजतो. दोन्हीकडे रोग्यास दिसते ती दुर्बलताच. व्यायामाचा परिणाम मात्र दोहोंत सारखा होईल असे मानण्यास आधार नाही. हे उमजण्यास पुष्कळ वेळ लागला.

घरी केलेल्या सरावाची पहिली नामांकित कथा स्वित्झर्लंडमधील हायडन ह्या गावची आहे. तेथे हाइन्‍रिख फ्रेंकेल हे वैद्य होते. उपदंशाच्या उत्तरावस्थेत होणाऱ्या 'टेबीज डॉर्सालिस' ह्या विकाराचा एक रोगी इ. स. १८८७ च्या सुमारास त्यांच्याकडे आला. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्यास लावण्याची परीक्षा त्यास मुळीच साधली नाही. काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याने ती सफाईने करून दाखविली. चौकशी करता, परीक्षेत उत्तीर्ण व्हावयाचे म्हणून आपण घरी सराव केला, असे त्याने सांगितले, अशी हकीकत आहे. तिच्यातून फ्रेंकेल ह्यांनी एक व्यायामपद्धती उभारली. तिच्यावरील त्यांचे जर्मन पुस्तक इ. स. १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांत इंग्रजीत आले. जर्मन 'युबुंग' ह्या शब्दात व्यायाम आणि सराव हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मराठीत ते वेगळे आहेत, आणि हा वेगळेपणा येथे उपयोगी पडतो. फ्रेंकेल ह्यांच्या रोग्याची शक्ती गेलेली नव्हती, हातापायांच्या स्थितीची जाणीव गेली होती. त्यास हवा होता तो सराव. ज्याच्या स्नायूतील बळच ओसरले आहे अशा रोग्याचे काय करावे, ह्याचे उत्तर हायडनमध्ये मिळणे शक्य नव्हते.

ते मिळाले अमेरिकेतील व्हर्मांट ह्या लहानशा, डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या राज्यात. इ. स. १८९४ मध्ये तेथील रटलंड परिसरात पोलिओची साथ आली. चार्ल्स कॅव्हर्ली ह्या वैद्यांनी तिच्यातील १३२ रोग्यांची नोंद ठेवली. अमेरिकेतील पोलिओच्या मोठ्या साथीचे हे पहिले पद्धतशीर वर्णन होय. इ. स. १९१४ मध्ये राज्यात पुन्हा मोठी साथ आली. ह्या वेळी एका अनामिक दात्याने राज्याच्या आरोग्य मंडळास देणगी दिली आणि तीतून केवळ रोगाच्या संशोधनाचीच नव्हे, तर रोगानंतरच्या उपचाराचीही सोय झाली. बोस्टनचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट लव्हेट ह्यांस पाचारण करण्यात आले. त्यांच्याबरोबर त्यांच्या सहायिका होत्या, आणि त्यांत विल्हेल्मिन राइट ह्यांचे स्थान विशेष होते.

राइट ह्या वैद्य नव्हत्या. इतिहासकार लव्हेट ह्यांचे नाव प्रथम घेतात हे रीतीस धरून असले, तरी कल्पनेचे पितृत्व ठरवावयाचे तर राइट ह्यांचा उल्लेख आधी करावा लागेल. इ. स. १९१२ मध्येच त्यांनी बालपक्षाघातातील स्नायुशिक्षणावर एक लेख प्रसिद्ध केला होता. एखादा स्नायू किती दुबळा झाला आहे हे ठरविण्यास त्यांनी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचाच तराजू केला. हात किंवा पाय स्वतःच्या भाराविरुद्ध उचलता येतो काय? त्यावर परीक्षकाने हाताने दाब दिल्यास तो पेलतो काय? की आडवे ठेवल्यावरच हलतो? की नुसती थरथर जाणवते? ह्या प्रश्नांच्या उत्तरांवरून पायऱ्या ठरत. आज जगभर भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांस शिकविली जाणारी हस्तपरीक्षा ह्याच पायऱ्यांवर उभी आहे. तिला लागते काय? एक चटई, आणि परीक्षकाचा हात. शेतकऱ्याच्या घरात हे दोन्ही मिळतात.

व्हर्मांटमध्ये ह्या गोष्टीस फार महत्त्व होते. रोगी दूरदूरच्या शेतांवर विखुरलेले, हिवाळा कडक, रस्ते बिकट. बोस्टनच्या रुग्णालयात मुलास वर्षभर ठेवणे कोणास परवडणार? म्हणून निरनिराळ्या गावी तपासणीची केंद्रे भरविण्यात आली. मुलाचे एकेक स्नायू तपासून त्यांची प्रत लिहून घ्यावयाची, कोणत्या स्नायूसाठी कोणती हालचाल हे आईस किंवा घरच्या माणसास करून दाखवावयाचे, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासावयाचे, असा क्रम होता. घरच्या व्यायामाची लेखी योजना, तिची मोजणी आणि फेरतपासणी ह्या तिन्ही गोष्टी इतक्या मोठ्या प्रमाणावर येथे प्रथम एकत्र आलेल्या दिसतात. हार्वर्डचे शारीरवैज्ञानिक अर्नेस्ट मार्टिन ह्यांनी लव्हेट ह्यांच्या सहकार्याने स्प्रिंगच्या ताणकाट्याने स्नायूचा जोर मोजण्याची पद्धत इ. स. १९१५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे 'सुधारले', 'बिघडले' ह्या शब्दांस अंकांचा आधार मिळाला.

अंकांनी एक अनपेक्षित गोष्टही दाखविली. काही मुलांचे स्नायू व्यायामाने सुधारण्याऐवजी घसरत होते, आणि ती मुले आळशी घरातली नव्हती. आईबापांनी उत्साहाच्या भरात त्यांच्याकडून अधिक व्यायाम करवून घेतला होता, किंवा मूल चालू लागताच त्यास दिवसभर चालू दिले होते. थकवा हा अर्धवट पांगळ्या स्नायूचा शत्रू आहे आणि त्याची हानी सामान्यतः समजली जाते त्याहून मोठी आहे, असे लव्हेट ह्यांनी ह्या काळात आग्रहाने मांडले. त्यांचे बालपक्षाघाताच्या उपचारांवरील पुस्तक इ. स. १९१६ मध्ये निघाले. थोडा, नेमका आणि मन लावून केलेला व्यायाम हितकारक. थकवून सोडणारा अहितकारक. हे उत्तर आजच्या ज्ञानाच्या कसोटीवरही बव्हंशी टिकते. परंतु त्यास लव्हेट ह्यांनी स्वतंत्र संज्ञा दिली नाही. 'थकवा' हा रोजच्या वापरातला शब्द त्यांनी वापरला. आणि रोजच्या वापरातल्या शब्दाने दिलेला इशारा ऐकणाऱ्याच्या कानात रोजच्याच अर्थाने शिरतो. थकवा म्हणजे झोप घेतली की जाणारी गोष्ट, असा तो अर्थ.

त्याच वर्षी अमेरिकेत पोलिओची प्रचंड साथ आली. देशभर सत्तावीस हजारांवर रोगी झाले, सुमारे सहा हजार दगावले. इ. स. १९२१ च्या ऑगस्टमध्ये फ्रँक्लिन रूझवेल्ट ह्यांस लव्हेट ह्यांनीच तपासले आणि आधीच्या वैद्याने सुरू करविलेले जोरकस मर्दन प्रथम थांबविले. पुढे रूझवेल्ट ह्यांनी घरी कुबड्या घेऊन वाटेच्या टोकापर्यंत चालत जाण्याचा जो ध्यास घेतला तो सुप्रसिद्ध आहे. त्यांच्या जिद्दीचे कौतुक होणे स्वाभाविक होते; तथापि त्या कौतुकाने एक आदर्शही निर्माण केला. जो झगडतो तो चालतो, हा तो आदर्श. लव्हेट इ. स. १९२४ मध्ये वारले. त्यांचा इशारा ह्या आदर्शाच्या आड गेला असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

ऑस्ट्रेलियाच्या परिचारिका एलिझाबेथ केनी ह्यांचा अमेरिकेतील अध्याय इ. स. १९४० मध्ये सुरू झाला. त्यांचा लढा मुख्यतः लाकडी पट्ट्या आणि प्लास्टर ह्यांविरुद्ध होता. त्यांनी उष्ण शेक दिले आणि हालचाल लवकर सुरू केली. वैद्यांचा जितका रोष त्यांच्या उपचारावर होता, तितकाच त्यांच्या परिभाषेवरही होता. स्नायू मनापासून 'परका' होतो, हा त्यांचा शब्दप्रयोग शारीरविज्ञानाच्या चौकटीत बसेना. त्यांचे सिद्धांत पुढे टिकले नाहीत, शेक आणि हालचाल मात्र टिकली.

मात्रेच्या प्रश्नास खरी कलाटणी दिली ती सैन्याने. थॉमस डीलॉर्म ह्यांनी शिकागोच्या सैनिकी रुग्णालयात गुडघ्याच्या दुखापती झालेल्या सैनिकांकडून जड वजने उचलवून घेतली आणि आश्चर्यकारक वेगाने त्यांच्या मांड्यांत बळ आणले. त्यांच्या इ. स. १९४५ मधील लेखाच्या शीर्षकात 'भारी प्रतिकाराचा व्यायाम' असे शब्द होते. इ. स. १९४८ पर्यंत 'भारी' जाऊन त्या जागी 'क्रमवर्धी' हे विशेषण आले. बदल लहान, पण अर्थपूर्ण आहे. पहिले विशेषण ओझ्याविषयी बोलते, दुसरे क्रमाविषयी. त्याच वर्षी डीलॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिओच्या रोग्यांच्या मांडीच्या स्नायूंवर ही पद्धत वापरून बळ वाढल्याचे दाखविले. वजने स्वस्त, मोजता येण्याजोगी आणि घरी ठेवण्याजोगी होती. पद्धत झपाट्याने पसरली ह्यात नवल नाही. परंतु सैनिकाचा गुडघा आणि पोलिओचा गुडघा ह्यांत एक अंतर होते. सैनिकाचा स्नायू न वापरल्यामुळे दुबळा झाला होता, पोलिओच्या रोग्याच्या स्नायूच्या चेताच मेल्या होत्या.

ह्या अंतराचे स्वरूप पुढील काळात स्पष्ट झाले. पोलिओत काही प्रेरक चेतापेशी मरतात तेव्हा उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून अनाथ स्नायुतंतूंचे पालकत्व घेतात. एकेक पेशी आपल्या मूळ वाट्याच्या कित्येक पट तंतू सांभाळू लागते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक शॅरार्ड ह्यांनी पोलिओने मृत झालेल्यांच्या मेरुरज्जूंचा इ. स. १९५० नंतरच्या दशकात अभ्यास केला. एखाद्या स्नायूच्या निम्म्याहून अधिक पेशी गेल्या तरी तो वरकरणी पुरेसा बळकट वाटू शकतो, असे त्यातून दिसले. इ. स. १९६१ मध्ये बीझ्ली ह्यांनी यंत्राने मोजून दाखविले की हस्तपरीक्षेत 'चांगला' ठरलेला गुडघ्याचा स्नायू प्रत्यक्षात निरोगी बळाच्या पुष्कळच खाली असतो. म्हणजे राइट ह्यांच्या पायऱ्यांतील सर्वांत वरची 'नॉर्मल' ही पायरी निरोगीपणाची ग्वाही देत नव्हती. परीक्षकाच्या हाताने तो स्नायू हटला नाही, इतकेच ती सांगत होती. ज्या मुलास 'आता तू नॉर्मल झालास' असे सांगितले गेले, त्याने ह्या शब्दाचा दुसरा अर्थ घेतला आणि त्या अर्थावर तीस-चाळीस वर्षे काढली. परिभाषेतील एका शब्दाची एवढी मोठी किंमत क्वचितच कोणी दिली असेल.

रूझवेल्ट ह्यांनी उभारलेल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथील संस्थेतच रॉबर्ट बेनेट काम करीत होते. त्यांनी आणि नोल्टन ह्यांनी इ. स. १९५८ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यात लव्हेट ह्यांच्या निरीक्षणास प्रथमच नेमके नाव दिले. मराठीत त्यास 'अतिश्रमजन्य दुर्बलता' म्हणता येईल. अर्धवट चेताहीन झालेल्या स्नायूवर त्याच्या कुवतीबाहेर काम पडले तर केवळ थकवा येत नाही, बळच कमी होते. आणि ते विश्रांतीने सहजी परत येत नाही. 'थकवा' ह्या शब्दात जे मावत नव्हते ते ह्या संज्ञेत मावले.

पण संज्ञा एकदा बाहेर पडली की ती जन्मस्थानी थांबत नाही. अतिश्रमाची कल्पना पोलिओपासून निघून स्नायुक्षयाकडे वळली. इ. स. १९७१ मध्ये जॉन्सन आणि ब्रॅडम ह्यांनी चेहरा-खांदे-दंड ह्यांच्या आनुवंशिक स्नायुक्षयाने ग्रस्त अशा एका कुटुंबाचे वर्णन केले. त्यांत वापरातल्या हाताची बाजू अधिक दुबळी आढळली, आणि तिचा दोष श्रमास दिला गेला. ह्या रोगात दोन बाजूंची विषमता मुळातच असते, ही गोष्ट त्या अनुमानाच्या विरुद्ध जाते. तरीही ते अनुमान दीर्घकाळ उद्धृत होत राहिले. वास्तविक त्याच्या पाच वर्षे आधी, इ. स. १९६६ मध्ये, व्हिग्नॉस आणि वॉटकिन्स ह्यांनी स्नायुक्षयाच्या रोग्यांस वर्षभर प्रतिकारात्मक व्यायाम देऊन पाहिला होता. प्रथम काही लाभ होतो आणि रोग फार पुढे गेलेला नसेल तर तो अधिक होतो, असे त्यांस आढळले होते. भीतीस मात्र पुराव्यापेक्षा संज्ञा अधिक मानवते. स्नायुदाहाच्या रोग्यांसही अनेक वर्षे हाच विश्रांतीचा सल्ला मिळत राहिला. परिणामी हृदय, फुप्फुसे आणि अस्थी ह्यांवर निष्क्रियतेची झीज बसली आणि ती रोगाच्याच नावे मांडली गेली.

इकडे इ. स. १९८० नंतर पोलिओतून वाचलेल्या प्रौढांत नवी दुर्बलता, वेदना आणि पराकाष्ठेचा शीण दिसू लागला. अशा एका रोग्याचे वर्णन फ्रान्समध्ये इ. स. १८७५ मध्येच झालेले होते, परंतु ते विस्मृतीत गेले होते. इ. स. १९८४ मध्ये वॉर्म स्प्रिंग्ज येथे ह्या विषयावर शास्त्रज्ञांची परिषद भरली. ज्यांनी बालपणी घरी दात-ओठ खाऊन व्यायाम केला, त्यांसच आता थांबा म्हणणे भाग पडले. चाळीस वर्षे ज्या गुणाचे कौतुक झाले तोच गुण दोष ठरावा, ह्याचा त्यांतील अनेकांस झालेला मनस्ताप वैद्यकीय लेखांच्या कोरड्या वाक्यांतूनही जाणवतो.

दोन्ही टोकांच्या मध्ये रेषा कोठे ओढावी हे ठरविण्यासाठी अखेर रोग्याच्या घरीच जावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी, म्हणजे एटकेन्स, किल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, सावकाश वाढणाऱ्या चेतास्नायुविकारांच्या रोग्यांस बारा आठवड्यांचे दोन कार्यक्रम देऊन पाहिले. पहिल्यात ओझे मध्यम होते, कमाल बळाच्या सुमारे ३० टक्क्यांपासून सुरू होणारे. त्याचे फलित इ. स. १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते अनुकूल होते. दुसऱ्यात ओझे भारी होते, इ. स. १९९४ मधील त्याच्या फलितात अधिक लाभ दिसला नाही, उलट कोपराच्या काही मोजमापांत घट आढळली. इ. स. १९९५ मध्ये नेदरलँड्समधील लिंडेमान ह्यांच्या चोवीस आठवड्यांच्या प्रयोगात आनुवंशिक चेताविकाराच्या रोग्यांस काही लाभ झाला, तर मायोटोनिक स्नायुक्षयाच्या रोग्यांस लाभही नाही आणि हानीही नाही. स्वीडनमध्ये हेलेन अलेक्झांडरसन ह्यांनी स्नायुदाहाच्या रोग्यांस घरी पंधरा मिनिटांचा व्यायाम, आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे करावयास दिला. इ. स. १९९९ आणि २००० मधील त्यांच्या निबंधांनी रोगाच्या शांत अवस्थेत आणि ताज्या उद्रेकातही तो निर्धोक असल्याचे दाखविले. चेहरा-खांदे-दंड ह्यांच्या स्नायुक्षयावरील वर्षभराचा डच प्रयोग इ. स. २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाभ मर्यादित होता, परंतु इ. स. १९७१ पासून ज्याची भीती घातली गेली ती हानी आढळली नाही. प्रत्येक रोगाची मात्रा वेगळी निघाली, आणि मध्यम ओझ्याचा पक्ष बहुतेक ठिकाणी सरस ठरला.

बलवानानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे वाग्भटाने सांगितले आहे, हे येथे कोणासही आठवेल. परंतु त्यावरून प्राचीनांस हे सर्व ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरावयास हवा. वाग्भटाचा नियम निरोगी माणसासाठी आहे. वातपित्ताचे रोगी, बाल, वृद्ध ह्यांस तो व्यायाम वर्ज्यच सांगतो. आयुर्वेदात अर्ध्या शक्तीची खूण श्वास आणि घाम ह्यांवरून ओळखावयाची असते. दुबळ्या झालेल्या एकट्या स्नायूची मर्यादा श्वास लागण्याच्या पुष्कळ आधी येऊन जाते, आणि श्वासाच्या खुणेची वाट पाहणारा रोगी ती ओलांडून बसतो.

हाच घोटाळा आजच्या मराठी घरात निराळ्या रूपाने उभा राहतो. मुंबईत केईएम रुग्णालयातील भौतिकोपचाराचे विद्यालय इ. स. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झाले आणि हाजी अली येथील अखिल भारतीय पुनर्वसन संस्था इ. स. १९५५ मध्ये, दोहोंच्या आरंभीच्या काळात पोलिओ हा देशातील अपंगत्वाचा मोठा प्रश्न होता. भारतातील रानटी विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी आढळला. परंतु त्याआधीच्या दशकांत पोलिओ झालेली माणसे आज प्रौढ आहेत, आणि लव्हेट-बेनेट ह्यांचा प्रश्न त्यांच्या घरात शिल्लक आहे. त्यांस 'थकेपर्यंत करा' असे सांगितले तर त्याचा अर्थ काय लागेल? मराठीत 'दम लागणे' हे श्वासाचे आहे. 'थकणे', 'भागणे' हे साऱ्या देहाचे आहे आणि विश्रांतीने ते निवते. 'पाय भरून येणे' हे वापरलेल्या स्नायूचे आहे, आणि तेही रात्रीत उतरते. 'हात गळणे', 'पाय लुळे पडणे' ह्यांत मात्र बळ निघून जाण्याचा अर्थ आहे. बेनेट ह्यांस इ. स. १९५८ मध्ये जो भेद करण्यासाठी नवी संज्ञा घडवावी लागली, तो आमच्या आजीबाईंच्या बोलण्यात घडवून ठेवलेला आहे. भौतिकोपचारात सांगितली जाणारी कसोटी, म्हणजे व्यायामानंतरची वेदना किंवा दुर्बलता दुसऱ्या दिवशीही टिकली तर मात्रा कमी करावी ही, ह्या शब्दांत सांगितल्यास तिचे भाषांतर करावे लागत नाही : पाय भरून आले तर चालेल, सकाळी गळालेले वाटले तर त्या दिवशी निम्मेच करावे.